सरजाला इंग्रजी येत नव्हतं

भूत, लागीर, अंगात येणं — यातलं मी कधी काही मानलं नाही. केशोरीत उभा जन्म तलावाचं पाणी धानाच्या बांध्यांना वाटण्यात गेला. पाणी उताराकडे जातं, एवढीच माझी श्रद्धा. तरी हे लिहितोय, कारण माझी नात पल्लवी एक दोष स्वतःवर घेऊन बसली आहे आणि तो तिचा नाही.

माझी बायको सरजा लकव्यानं खाटेवर आहे. वाचा पार गेलेली. शाळा तिनं कधी पाहिली नाही. पल्लवी इंजिनीयर. अमेरिकेत पुढं शिकायचं म्हणून घरीच जीआरई परीक्षेची तयारी करत होती. कार्डाच्या पुढं अवघड इंग्रजी शब्द, मागं अर्थ. आजीच्या हाताला तेल चोळता चोळता ती शब्द म्हणायची.

एका दुपारी ती अडली. "फ्रूगल... काय बरं?"

खाटेवरून आवाज आला, "चिमटीनं मीठ टाकते तो."

सरजाचा आवाज! पल्लवीनं कार्ड उलटलं... काटकसरी.

गोंदियाचे डॉक्टर म्हणाले, ऐकून ऐकून पाठ झालं असेल. म्हणून पल्लवीनं स्वतःही न वाचलेला कार्डांचा गठ्ठा फोडला. तरी उत्तरं बरोबर! मी विचारलं तर मात्र सरजा गप्प. पाणी पाहिजे का, दुखते का — गप्प. फक्त पल्लवीला, फक्त त्या शब्दांना बोलायची.

"आजी, ऑब्ड्युरेट?"

"कोनाचंच आयकत नाही तो. तुहा आबाजी!"

पल्लवी हसून हसून लोळली. मी अंगणात जाऊन रडलो. पोरगी गेली की हा आवाजही जाणार होता...

परीक्षा नागपूरला. पल्लवी सकाळच्या बसनं निघाली आणि मी तिला फोन लावला. "आजीचा श्वास लागून राहिला. परत ये, बाई."

सरजा तेव्हा शांत पेज पीत होती. माझं बोलणं तिनं ऐकलं.

पल्लवी वाटेत अर्जुनीला उतरून परत आली. परीक्षा बुडाली. मी म्हणालो, "आता बरं वाटून राहिलं तिले." संध्याकाळी पोरीनं आजीला हसवायला तोच शब्द काढला. "आजी, ऑब्ड्युरेट?"

सरजानं माझ्याकडे पाहिलं. मग मान भिंतीकडे वळवली. त्यानंतर ती आजवर बोललेली नाही.

"माह्याच कटकटीनं आजी थकली, आबाजी," असं पल्लवी अजून म्हणते. कार्डं तिनं पेटीत टाकली, परीक्षेचं नावही काढत नाही. बाई, तुझ्यामुळं काही झालं नाही. श्वास लागलाच नव्हता. मी खोटं बोललो.

ती कार्डं आता मीच काढतो, अडखळत शब्द वाचतो. सरजा भिंतीकडेच पाहते. ती गप्प का झाली ते मला ठाऊक आहे. बोलली कशी... ते कोणीच सांगू शकलं नाही.