गाडी तापायची तेव्हा

सोलापूरच्या आमच्या घरात नवराबायकोनं एकमेकांशी बोलायचं म्हणजे तिसऱ्याला मध्ये घालूनच बोलायचं. दोन खोल्या, त्यात सासूबाई, थोरले दीर, जाऊ, त्यांची पोरं, आणि उरल्या जागेत चादरींचे गठ्ठे. यांना काही विचारायचं असलं तर मी पुतणीला म्हणायची, "विचार तुझ्या काकांना, भाकरी वाढू का," आणि काका समोरच मांडी घालून बसलेले असायचे. यांना शेपूची भाजी आवडत नाही हेसुद्धा मला त्या पोरीनंच सांगितलं.

म्हणून सत्तरच्या दशकात यांनी मिलमधली नोकरी सोडून जुनी पिकअप घेतली, तेव्हा सगळं घर नाराज झालं आणि मी एकटी खूश. मूळचं पेट्रोलचं इंजिन काढून डिझेलचं बसवलेली ती गाडी. चालू झाली की गल्लीतल्या फळ्यांवरची भांडी वाजायची. मागं चादरी आणि टॉवेल भरायचे आणि आठवडी बाजार गाठायचा, असा धंदा. मंद्रूप माझं माहेर, म्हणून त्या बाजाराला हे मला बरोबर न्यायचे. पुढं बसायला आम्ही दोघंच. विजापूर रस्त्याला लागलं की हे बोलायला लागायचे, आणि या माणसाच्या पोटात एवढं बोलणं साठलंय हे बघून मी थक्क व्हायची.

पण गाडी तापायची. अर्धी वाट झाली की काटा लालमध्ये जायचा, बॉनेटच्या फटीतून वाफ निघायची, आणि आम्ही रस्त्याच्या कडेला. इंजिन जरा निवलं की हे रेडिएटरच्या झाकणावर ओलं पोतं टाकून ते हळूहळू फिरवायचे, तोंड लांब ठेवून. मी जवळच्या विहिरीवरून घागर आणायची. मंद्रूपचे लोक आम्हाला बघून चहाला आधण ठेवलंय का म्हणायचे. सासूबाईंनी तर पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं की उकळत्या हंड्यावर मी बसणार नाही, आणि त्या शब्दाला पक्क्या होत्या.

या गाडीची ऐटही मोठी होती. यांचा धंदा चादरींचा, तेव्हा गाडीच्या तोंडावर, दोन दिव्यांच्या मधोमध, मोरांची कोरी चादर चापून ताणून बांधायची. माल लांबूनच दिसला पाहिजे, असं यांचं म्हणणं. नवरीचा शालू कोणी इतका निगुतीनं नेसवत नसेल.

गाडीनं दुखणं काढलं की गॅरेजात. तिथला मिस्त्री स्वभावानं भला. नव्या मालाला तेलाचे डाग पडू नयेत म्हणून तो आधी चादर सोडायचा, घडी घालून बाजूला ठेवायचा आणि मग बॉनेट उघडायचा. पंख्याचा पट्टा बदलून झाला, रबरी नळ्या बदलल्या, रेडिएटरच्या जाळीत अडकलेला कापसाचा भुगा ब्रश मारून काढला. इंजिन चालू ठेवून बघितलं, चक्कर मारून बघितली. काटा जागचा हलेना. मिस्त्री म्हणाला, गाडी ठणठणीत हाय. मग स्वतःच्या हातानं चादर परत बांधून द्यायचा, आणि पुढच्या बाजाराला गाडी पुन्हा उकळायची. सासूबाईंनी दृष्ट काढली. मिरच्यांचा ठसका सगळ्या गल्लीला लागला, गाडीला काही फरक पडला नाही.

तेवढ्यात मोडनिंबचा एक व्यापारी गाडी बघून गेला. त्याला ती आवडली. हे कंटाळलेच होते. मला म्हणाले, "ह्या बाजाराला तापली तर त्याला देऊन टाकतो. मिलमधी परत घ्यायला तयार हायेत." पण मिल म्हणजे रात्रपाळी, मी जागी तेव्हा हे झोपलेले, आणि मध्ये पुन्हा ती पुतणी. मला रडू आलं, आणि ते काही गाडीसाठी नव्हतं.

त्या बाजाराला जाताना गाडी तापलीच. हे गुमान पाणी ओतत होते, एरवी निदान शिव्या तरी द्यायचे. बाजारात एक बाई आली, लेकीच्या लग्नासाठी चादर बघायला. सगळा गठ्ठा उलटापालटा केला, आणि शेवटी गाडीच्या तोंडावरचे मोरच पाहिजेत म्हणून अडून बसली. यांनी नाइलाजानं ती चादर सोडून तिला दिली. परतताना भर दुपार होती, ऊन मी म्हणत होतं, आणि गाडी घरापर्यंत तापली नाही.

माल कमी होता, हे म्हणाले. मी म्हटलं, कमी कुठला, धंदाच झाला नाही, एक चादर तेवढी गेली. आणि बोलता बोलता माझ्या डोक्यात उजेड पडला. रस्त्यात गाडी थांबली की हे आधी चादर सोडायचे. गॅरेजात मिस्त्री आधी चादर सोडायचा. चादर बांधलेली असताना त्या गाडीची नाडी कोणी बघितलीच नव्हती.

"सोलापूरच्या उन्हात तुमच्या तोंडाला चादर बांधून तुम्हाला कोणी पळवलं, तर तुमचं काय होईल?" मी विचारलं.

यांनी उतरून गाडीचं उघडं तोंड नीट बघितलं. मग म्हणाले, "मिस्त्रीला सांगू नको."

पुढच्या बाजाराला भरल्या गाडीनं, उघड्या तोंडानं, जाळीला वारा लागू देत गेलो. चढावरही काटा मध्येच उभा. मोडनिंबला नकाराचा निरोप गेला, चादर मागच्या फळीवर बांधली जाऊ लागली, आणि हे एकाएकी गाड्यांचे वैद्य झाले. रोज सकाळी गार इंजिनात पाणी बघा, पट्टा अंगठ्यानं दाबून बघा, जाळीतला भुगा झाडा, तापलेलं इंजिन एकदम बंद करू नका. ज्याला गाडी नाही त्यालाही हे ज्ञान फुकट मिळायचं. मी मात्र हवेत होते. आता न थांबता बोलत जायचं.

त्याच्या पुढच्या बाजाराला निघालो तर सासूबाई नवं लुगडं नेसून पुढच्या सीटवर बसलेल्या. गाडी आता शहाणी झाली म्हणाल्या. तिथं तिसरं माणूस मावत नव्हतं. मी मागं गठ्ठ्यांवर चढले. राग आला, खरं सांगते, इतका की चादरींना दोनचार गुद्दे घातले.

केबिनच्या मागच्या खिडकीला काच नव्हती. विजापूर रस्त्याला लागलो आणि सासूबाई बोलायला लागल्या. निम्मं कानडी, निम्मं मराठी. आपलं लहानपण, मामंजींचं आजारपण, गुडघ्याची कळ. घरात मी त्यांना इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. इंजिनाच्या आवाजावर आवाज चढवून हे म्हणाले, "आई, हे कवा सांगितलं न्हाईस मला."

"कवा सांगू?" त्या म्हणाल्या. "घरात तुज्याशी बोलायला गावतंय कुटं?"

मला तहान लागली होती आणि पाण्याचा तांब्या पुढं होता. मंद्रूप येईपर्यंत तो मागायला मी पत्र्यावर थाप मारली नाही.