विचारून ड्रोन उडवणारा पाहुणा

मंडळी, पाय दुखतायत, पण हे सांगून टाकते.

आमच्या केळव्याच्या होमस्टेमध्ये एक जर्मन पाहुणा उतरलाय. सकाळी ड्रोनची पेटी दाखवून म्हणाला, "किनाऱ्यावर उडवायचाय. परवानगी कुठे मिळते?" इतक्या वर्षांत असं विचारणारा हा पहिलाच. मलाच उत्तर माहीत नव्हतं.

दोघं गेलो पालघरला, कलेक्टर ऑफिसात. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर, मग जेवणाची सुट्टी. शेवटी तिसऱ्या साहेबांनी मोबाईलवर नियम वाचून सांगितलं, "परदेशी पर्यटकाला इथे उडवता येत नाही." पाहुण्याने त्यांचे आभार मानले आणि पेटीला कुलूप लावलं.

परत आलो, तर मुंबईहून आलेल्या एका ग्रुपचे दोन ड्रोन आमच्या सुपारीच्या वाडीवर घिरट्या घालत होते. शेजारच्या काकी म्हणाल्या, "यो इचारायला गेला म्हनून अडकला. त्यांना कोन इचारतंय?"

पाहुण्याने मान वर करून दोन्ही ड्रोन बघितले. मग अगदी साधेपणाने त्याने मला विचारलं, "यांना परवानगी कुठल्या ऑफिसातून मिळाली?"

मी म्हटलं, चहा टाकते.

चहा पिऊन झाला, उत्तर अजून दिलेलं नाही. उद्या तो नाश्त्याला बसेल, तेव्हा काय सांगू?