भोंग्याला माइक

माझी आत्या पोहायला शिकवते. तलावावर सगळे तिला भोंगा म्हणतात, अर्थात ती पलीकडच्या काठावर असताना, आणि तरी तिला ऐकू जातं. गळ्यात शिट्टी असते, पण ती शोभेला. या काठावरून तिनं "गुडघा नाही, मांडी हलवा" म्हटलं की पाण्यातल्या माणसाची मांडी हलतेच, तिकिटाच्या खिडकीतल्या माणसाचीही हलते. घरी तिनं साधं मीठ मागितलं तरी शेजारचे दार उघडून काय झालं म्हणून विचारतात. आजोबा कानाचं यंत्र काढून ठेवतात ते फक्त ती आल्यावर.

तिची नक्कल सोपी. पोटात हवा भरायची, हनुवटी वर करायची आणि वाक्य समोरच्या भिंतीवर आपटायचं. मी ती केली की आई आतून सवयीनं म्हणते, "आले हो, ताई."

आत्याकडे येतात ती मोठी माणसं. जन्मात पाण्यात न उतरलेली, काठाची दांडी घट्ट धरून उभी राहणारी. अशा माणसानं एकदा तोंड पाण्यात घातलं की पुढे दांडी आपोआप सुटते, असं आत्याचं म्हणणं. आजवर एकही माणूस तिच्याकडून कोरडा परत गेलेला नाही, याचा तिला भारी तोरा. यंदा एकच जण बाकी होती, बँकेतल्या कॅशियरबाई. दुसरीकडे नाव घालून पळून आलेल्या. इथे कशाबशा हनुवटी भिजेपर्यंत पोचल्या, आणि नेमका तलाव फरशांच्या दुरुस्तीसाठी बंद झाला. आत्या म्हणाली, आता खंड पडला तर बाईंची भीती परत बस्तान मांडेल. तेव्हा वर्ग घरूनच. ज्यानं त्यानं टब घेऊन बसायचं, ती लॅपटॉपवरून शिकवणार.

पहिल्या दिवशी लोकांनी कळवलं की आवाज विहिरीतून येतोय. म्हणून मी एक स्वस्तातला यूएसबी माइक मागवला. वायर लॅपटॉपला खोचली की झालं, बाकी काही लागत नाही. खोक्यावर लिहिलं होतं, जवळून बोला. लिहिणाऱ्यानं आत्याला पाहिलेलं नव्हतं.

आत्या जवळून "नमस्कार" म्हणाली. पडद्यावरची हिरवी पट्टी लालभडक झाली आणि माझ्या हेडफोनमध्ये पत्रा फाटला. माइकचं बटण पार खाली पिळलं, खरखर तशीच. मग मी आत्यालाच मागे सरकवत नेलं. टेबलापासून कपाटापर्यंत, कपाटापासून दारापर्यंत, तिथून बोळात. बोळातून आवाज जरा बरा यायला लागला, पण आत्या दिसेना. लोकांना रिकामी खुर्ची दिसायची आणि खुर्ची त्यांना दम द्यायची, "श्वास सोडा." हळू बोल म्हटलं तर आत्या म्हणाली, हळूच बोलतेय की. त्यावर खालच्या मजल्यावरून कुणीतरी "नाही" म्हणालं.

संध्याकाळी कॅशियरबाईंचा निरोप आला. तुमचा काही दोष नाही मॅडम, पण त्या आवाजानं छातीत धडधडतं, टबाजवळ जाववत नाही. उद्या शेवटचं बसते, मग राहू दे.

त्या दिवशी जेवताना आत्यानं मीठसुद्धा मागितलं नाही.

दुसऱ्या दिवशी टब दाखवायचा म्हणून लॅपटॉप आणि माइक बुटक्या स्टुलावर ठेवले होते आणि आत्या लांब, दारात उभी. पडद्यावर बाकीचे बुडबुडे काढण्यात दंग. कॅशियरबाई लाल टबासमोर हाताची घडी घालून, गिऱ्हाइकाची सही जुळत नसल्यासारख्या. तेवढ्यात आमच्या माइकची वायर सैल झाली. लोक कानाला हात लावून खुणा करायला लागले. आत्या धावत आली, स्टुलापाशी उकिडवी बसली आणि तिनं वायर खोचली.

कॅशियरबाईंनी विचारलं, "मॅडम, आहात ना?"

"आहे. इथेच आहे. तुम्ही फक्त श्वास सोडा, बाकीचं माझ्याकडे."

हेडफोनमध्ये हे इतकं मऊ आलं की मला वाटलं, दुसरंच कुणी बोललं. हिरवी पट्टी हिरवीच. मग आठवलं. तलावावर दांडीला चिकटलेल्या माणसाजवळ आत्या अशीच उकिडवी बसते आणि त्याच्या कानाशी काहीतरी बोलते. ते फक्त त्या कानाला ऐकू जातं. लहानपणी माझ्याही कानाला गेलं होतं. त्या आवाजाची नक्कल मला कधीच जमलेली नाही. तो बहुधा गळ्यातून येतच नाही, गुडघ्यांतून येतो.

आत्या उठायला लागली. मी तिचे दोन्ही खांदे धरून खाली दाबले.

"अगं, काय करतेस?" तेही हळूच.

"उठू नकोस. अशीच बोल."

ती बोलली. घाई नाही, आधी कपाळ, मग नाक. चहावर फुंकर घालतो तेवढंच. बाईंनी घडी सोडली, टबाच्या कडा धरल्या, पुन्हा सोडल्या, पुन्हा धरल्या. उकिडवं बसून आत्याचे गुडघे आखडले होते, एका हातानं तिनं माझी पोटरी घट्ट पकडलेली, पण आवाजात त्याचा पत्ता नाही. कपाळ गेलं. नाक गेलं. पडद्यावर नुसता अंबाडा उरला आणि बुडबुड असा आवाज आला.

बाई वर आल्या. केस, चष्म्याची दोरी, सगळं गळत होतं. मागे त्यांचे यजमान फडकं घेऊन लादी पुसायला वाकले होते.

"मॅडम," बाई म्हणाल्या, "आत काहीच नव्हतं हो."

आत्या पुढची सूचना द्यायला माइककडे झुकली, तोवर त्यांनी पुन्हा तोंड पाण्यात घातलं होतं.