फिरकीचा तांब्या

लातूर मी पहिल्यांदा बघितलं ते भाड्याच्या सायकलच्या कॅरियरवर बसून. दोन्ही पाय डाव्या बाजूला सोडलेले, साडी चाकात जाऊ नये म्हणून मुठीत धरलेली. त्यामुळं जाताना शहराची एकच बाजू दिसायची. उजवीकडची दुकानं बघायची तर परत येईपर्यंत थांबावं लागायचं. अजूनही कुणी मला तिथली एखादी जुनी खूण सांगितली की मी आधी मनात विचारते, ही जातानाची का येतानाची?

सायकल मारणारे माझे वडील. आम्ही सगळी भावंडं त्यांना आबा म्हणायचो. चाकूरच्या पलीकडं आमचं गाव. आबा त्या साली रोजगार हमीच्या कामावर खडी फोडत होते, कारण शेतात कुणाकडंच काही काम उरलं नव्हतं. लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं आणि गावातली माणसं त्याचं लई कौतुक करायची. आता उस्मानाबादला हेलपाटे नकोत म्हणायची. पण विहिरीत काय होतं? गाळ. जिल्हा नवा आणि दुष्काळ जुनाच, असलं ते साल.

मला लातूरच्या अध्यापक विद्यालयात प्रवेश मिळाला होता. मास्तरीण व्हायचं, एवढं एकच माझ्या डोक्यात होतं. पण तिथलं मुलींचं वसतिगृह पाण्यापायी बंद ठेवलेलं. ज्यानं त्यानं आपली सोय बघावी असं सांगून तिथले लोक मोकळे झाले. नांदेडला मावशी होती, तिच्याकडं राहता आलं असतं, पण नांदेडला माझा नंबर लागला नव्हता. इकडं चुलत्यानं अर्धापूरचं स्थळ आणून ठेवलेलं. मुलगा केळीच्या बागेत कामाला. 'तिकडं पाणी तरी हाय, पोरगी घोटाला महाग व्हनार न्हाई,' असं चुलता आईला रोज ऐकवायचा, आणि आईला ते पटायला लागलं होतं. तिचं तरी काय चुकलं? पहाटे उठून कोसभर लांबून पाणी आणणारी बाई ती.

आबा म्हणाले, "एक दिस जाऊन बघतो. खोली भेटली तर शाळा. न्हाई भेटली तर मंग अर्धापूर." आणि माझी लोखंडी पेटी उचलून एसटीच्या टपावर ठेवली. पेटी आत्ताच न्यायची का खोली मिळाल्यावर, यावरून घरात आदल्या दिवशी भांडण झालं होतं. मी भरूनच घेतली.

लातूरच्या स्टँडजवळ सायकलचं दुकान होतं. दुकानवाल्यानं आम्हाला खालून वर बघितलं आणि विचारलं, "वळख कोन हाय गावात?" ओळखीशिवाय सायकल द्यायची नाही, हा तिथला कायदा. आमची ओळख कोण असणार? आबांनी माझी पेटी त्याच्यापुढं ठेवली. "हिच्यात पोरीची पुस्तकं हायत. ती सोडून मी कुठं पळून जानार हाय?" दुकानवाला हसला. सायकल मिळाली. भाडं तासावर होतं, म्हणून आबा असे काही पायडल मारायला लागले की मी कॅरियर घट्ट धरून बसले.

हँडलला आबांचा तांब्या लोंबकळत होता. पितळी, फिरकीच्या झाकणाचा, घरून भरून आणलेला. परगावी जाताना आबा तो सोडायचे नाहीत. त्याचं कारण घरात सगळ्यांना ठाऊक होतं. लहानपणी गावच्या विहिरीवर आबांना हात लावायची मुभा नव्हती. कुणीतरी वरून ओतायचं आणि यांनी खाली वाकून ओंजळीनं प्यायचं. पाणी कोपरापर्यंत ओघळायचं आणि वरचा माणूस म्हणायचा, लांब हो. दीक्षा घेतली तेव्हा आमच्यातल्या माणसांनी देव सोडले, उपास सोडले. आबांनी ओंजळ सोडली. नळ असला तरी ते झाकणात पाणी धरायचे आणि झाकणानं प्यायचे.

गोलाईत आमची पुरती फजिती झाली. मधे गोल बाजार आणि चारी अंगांनी फुटलेले रस्ते. आबा एका रस्त्यानं आत घुसायचे, गल्ल्या-बोळांतून फिरायचे आणि पुन्हा गोलाईतच निघायचे. "मायला, हे गाव हाय का घाण्याचा बैल?" एकदा गुळाचा वास, एकदा मिरचीचा ठसका, एकदा डाळीचा भुसा डोळ्यात. दर थोड्या अंतरावर हापशापुढं घागरींची रांग आणि रांगेत भांडणं. आणि जिकडंतिकडं नव्या हपिसांच्या पाट्या, काहींचा रंग अजून वाळायचा होता. या हपिसांतल्या साहेब-कारकुनांनी शहरातल्या खोल्या आधीच धरून ठेवल्या होत्या.

दारात गेलं की आबा पहिल्यांदा तेच सांगायचे. "आम्ही बौद्ध हाव. पोरगी मास्तरकीला आली हाय. खोली पाहिजे." मी म्हणायची, आबा, आधी खोली तर बघू द्या. ते म्हणायचे, "मागनं कळून भांडी बाहेर फेकन्यापरीस आधी सांगितलेलं बरं." मग आतून उत्तर यायचं. खोली हाय हो, पण पाण्याची लई अडचण. खोली हाय, पण पाणी पुरत न्हाई. एका घरी हेच सांगणाऱ्या माणसाच्या मागं त्याची बायको अंगणात सडा टाकत होती, तोही बादलीनं. आबा म्हणाले, "हाव, दिसून राहिलं मला, पाणी न्हाई ते." आणि सायकल वळवली.

दुपार कलली तसा माझा धीर सुटत चालला. तांब्यातलं पाणी आबांनी मलाच पाजलं होतं. घसा कोरडा, डोळ्यापुढं अर्धापूर. मला त्या मुलाचा राग यायला लागला, ज्याला मी बघितलंही नव्हतं.

शेवटी एका आडतवाल्याच्या घरामागं खोली असल्याचं कळलं. दारात म्हातारी बसली होती, कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात चांदीची लिंगाची डबी. सगळी गल्ली तिला अव्वा म्हणायची. आबांनी आपलं नेहमीचं सांगितलं. अव्वानं ऐकून घेतलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "असू द्या. मला भाड्याशी मतलब. दिवसाला एक घागर मिळंल, दुसरी मागायची न्हाई." मी जिना चढून वर गेले. पत्र्याची खोली, एक खिडकी, खिडकीखाली टेबल मावेल एवढी जागा. टेबल माझ्याकडं नव्हतं, पण मी ते तिथं मांडूनसुद्धा टाकलं.

खाली आले तर अव्वा पाणी घेऊन दारात उभी. "उन्हातून आलाव. घ्या." हातात तांब्या होता, गिलास नव्हता. तिनं पायरीवरूनच तांब्या कलता केला आणि म्हणाली, "धरा ओंजळ."

आबांचा चेहरा मला अजून आठवतो. ते एक पाऊल मागं सरले. "नको. आमच्यापाशी हाय." आणि फिरकीचा तांब्या वर करून दाखवला. तो रिकामा होता, हे मला माहीत होतं. "चल, माय," ते म्हणाले.

मी हलले नाही. मला ती खिडकी दिसत होती. अव्वा तशीच थांबलेली, आबा सायकलपाशी. मी पुढं झाले, वाकले, ओंजळ धरली आणि प्याले. पोटभर प्याले. गार पाणी होतं, गोड होतं, दिवसभराची तहान होती, काय करू? कोपरापर्यंत हात भिजले.

खोली मिळाली. आबांनी पेटी सोडवून आणली, जिन्याच्या तोंडाशी ठेवली आणि "अभ्यास कर" एवढंच म्हणाले. वर काही आले नाहीत.

आठवडाभरात मला कळलं ते असं. अव्वा त्या दुष्काळात सगळ्यांनाच वरून ओतायची. दुकानातून आलेला तिचा मुलगा, शाळेतून आलेली नातवंडं, बाजाराचे पाहुणे, सगळे पायरीखाली उभं राहून ओंजळीनं प्यायचे. "एक गिलास इसळायला जेवढं लागतं तेवढ्यात एक माणूस पितंय," ती म्हणायची. घरातले सगळे गिलास तिनं धोतरात बांधून माळ्यावर टाकले होते. मला हसू आलं, रडूही आलं. आबांचा तर असा राग आला! एवढ्यासाठी माझी खोली घालवत होते.

पुढच्या रविवारी आबा पीठ-चटणी घेऊन आले. गल्लीच्या तोंडाशी थांबून त्यांनी भाड्याच्या सायकलची घंटी वाजवली. मी धावत गेले आणि सगळं सांगितलं. ते म्हणाले, "असंल."

"असंल काय आबा? रोज डोळ्यानं बघते मी."

"तुझे डोळे तुझ्यापाशी, माय. बस मागं."

आबा घरात यायचे नाहीत आणि बाहेर आम्हाला बसायला जागा नव्हती. म्हणून आम्ही फिरायचो. आठवडाभर खडी फोडलेला माणूस रविवारी मला कॅरियरवर घेऊन लातूरभर हिंडायचा. डाळमिल, कचेरी, रेल्वेचं छोटं स्टेशन, सगळं मी तसंच बघितलं. आबांना अक्षरं लागायची, पण जोडाक्षरं आली की अडायचे. "ह्ये वाच," म्हणून ते पाटीपाशी सायकल हळू करायचे. मी वाचायची, ते पायडल मारत ते शब्द पुन्हा पुन्हा म्हणायचे. जिल्हा शल्यचिकित्सक हा शब्द त्यांना फार आवडला होता. दर खेपेला त्या पाटीवरून सायकल न्यायचे. त्या दिवसांत मी सुखी होते, हे सांगितलंच पाहिजे.

दुसऱ्या वर्षी पाणी झालं. नळ यायला लागले, अव्वाचे गिलास माळ्यावरून खाली आले आणि घासून फळीवर पालथे मांडले गेले. माझी घागर मी भरून वर न्यायचे आणि माझं पाणी वरच प्यायचे, खाली मागायची वेळ कधी आली नाही.

परीक्षा महिन्यावर आली आणि अव्वानं मला खाली बोलावलं. "घंटी वाजवून तुला सायकलवर नेतोय, तो मानूस कोन?"

"माझे वडील, अव्वा. खोली बघायला आले होते तेच."

"एकदा दारात आलेला मानूस मला कसा ध्यानात राहील? बाप असता तर उंबऱ्याला आला नसता? दोन वर्सं व्हत आली. गल्ली मला इचारतीय. येत्या आइतवारी त्यास्नी आत घेऊन ये, न्हाई तर खोली मोकळी कर. हपिसातला मानूस कवापासनं मागून राहिला."

महिन्यासाठी कुठली खोली मिळणार? रविवारी गल्लीच्या तोंडाशी मी आबांना सगळं सांगितलं. "आता गिलास काढलेत तिनं. फळीवर आहेत, मी बघितलेत. अन् तांब्या आत आणू नका, तिला वाटंल तिचं पाणी नको म्हणून आणलाय." आबांनी तांब्या हँडललाच ठेवला, टोपी नीट केली आणि माझ्या मागोमाग आले.

ओसरीवर अव्वाचा मुलगा बसला होता. गिलासातलं पाणी पिऊन त्यानं गिलास खाली ठेवला. अव्वानं आबांना न्याहाळलं आणि तिला हसू आलं. "बापच हायती. नाक उचलून ठेवलंय पोरीनं." माझा जीव भांड्यात पडला. गावाकडच्या पाण्यापावसाचं बोलणं झालं. मग अव्वा आत गेली आणि पाणी घेऊन आली.

हातात तांब्या होता. नुसता तांब्या. तिच्या पाठीमागं फळीवर गिलास पालथे मांडलेले दिसत होते. ती पायरीवर उभी राहिली आणि तांब्या कलता करून म्हणाली, "धरा, पाव्हनं."

मी म्हणाले, "आबा, चला."

आबांनी फळीकडं बघितलं, मुलाच्या गिलासाकडं बघितलं, मग माझ्याकडं. "परीक्षा कवा हाय म्हनलीस?"

"पुढच्या महिन्यात."

ते उठले. पायरी उतरून खाली उभे राहिले, वाकले आणि ओंजळ धरली. खडीनं फुटलेले हात, त्यात पाणी टिकेना, कोपरावरून खाली गळत राहिलं. तरी ते प्याले, अव्वा ओतायची थांबेपर्यंत प्याले. तोंड पुसून म्हणाले, "लई गार पानी हाय, अव्वा." अव्वा खूश झाली. खोलीचं नाव तिनं पुन्हा काढलं नाही.

बाहेर आलो. भरलेला तांब्या हँडलला तसाच होता. आबांनी सायकल वळवली, म्हणाले, "बस." आम्ही नेहमीच्या रस्त्यानं सगळं लातूर फिरलो. त्या दिवशी त्यांनी मला एकही पाटी वाचायला सांगितली नाही.