गुडघ्यावरचा हात

आमच्या हाटकेश भागातल्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहतात ते. सगळे त्यांना वकीलसाहेब म्हणतात, पण कोर्टाची पायरी ते कधी चढलेले नाहीत. ज्याच्या नावानं इथले दुकानदार शटर ओढतात, त्या भाईला सल्ला देणं एवढंच त्यांचं काम. एरवी रोज सकाळी खाली कुंड्यांना पाणी घालतात, आणि कुणाकडेही गेले तरी चपला दाराबाहेर नीट जोडून ठेवतात.

सोसायटीची मागची मोकळी जागा भाईला गोदामासाठी हवी होती. मी सेक्रेटरी. पहिली सही माझी लागणार होती आणि मी ती देत नव्हतो. बुधवारी दोघं सोसायटीच्या ऑफिसात आले. भाई पाच मिनिटांत तापला. "जास्त शाणपणा करतोस काय रे?" म्हणत उठायला लागला. वकीलसाहेबांनी त्याच्या गुडघ्यावर नुसता हात ठेवला. भाई गपकन खाली बसला. त्या क्षणी या माणसाचे पाय धरावेत असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटले. हळूच म्हणाले, "काल मी होतो म्हणून निभावलं, काका. शनिवारी सकाळीच मी गावाला जातोय, आठवडाभर नसेन. जरा जपून राहा हां."

आवाजात खरंच काळजी होती. रात्रभर मी दाराची कडी तपासत राहिलो.

शुक्रवारी सही केली.

शनिवारी ऊन वर आल्यावर खिडकीतून खाली पाहिलं, तर वकीलसाहेब कुंड्यांना पाणी घालत होते. मला बघून त्यांनी हात वर केला. माझाही हात आपोआप वर गेला.