ह्यांच्यासाठी कढवलेलं तेल

आमच्या ह्यांचे हात गेले ते हळूहळू. उद्यमनगरातल्या कारखान्यात लेथवर पंचवीस वर्षं काम केलेला माणूस. आधी बोटांतून चहाचा कप निसटला, मग शर्टाची बटणं लागेनात, आणि दीड-दोन वर्षांत मानेखाली काही हलेनासं झालं. डॉक्टर म्हणाले, मेंदूचा निरोप हातापायांपर्यंत पोचत नाही. "पण त्यांना कळणार सगळं. थंड, गरम, दुखणं, खाज."

त्यातलं खाजेचं मी तेव्हा मनावर घेतलं नाही.

आमच्या घरामागून ओढा जातो. पावसाळा सरला की दिवेलागणीला डास नुसते घोंगावतात. एकदा मी भाकरी थापत होते आणि बाहेरच्या खोलीतून हाक आली. त्यांचा आवाज तोवर बारीक झाला होता. गेले तर कपाळावर डास बसलेला, पोट फुगून लाल झालेलं. हे डोळे वर करून त्याच्याकडे बघायची धडपड करत होते. मी पिठाच्या हातानंच तो मारला.

"कवापासून बसलाय?"

"झाला की बराच वेळ. म्हटलं, तुझी भाकरी करपंल."

मी पदरानं त्यांचं कपाळ पुसलं आणि स्वयंपाकघरात येऊन तव्यासमोर रडले. भाकरी करपायची ती करपलीच.

मग एकेक उपाय सुरू झाले. कॉइल लावली तर धुरानं खोकला यायचा, आणि खोकायची ताकद छातीत उरली नव्हती. मच्छरदाणीत जीव घुसमटायचा. "जिवंतपणी कशाला झाकतीस?" असं म्हणाले, तेव्हा मी ती काढून टाकली. दुकानातलं मलम लावलं तर अंगभर पुरळ उठलं.

शेजारच्या भाभींनी मार्ग दाखवला. त्यांच्या नवऱ्याचं शाहूपुरीत अत्तराचं आणि तेलांचं लहानसं दुकान आहे. एका दुपारी त्या कडुलिंबाचे डहाळे घेऊन आल्या. म्हणाल्या, "ताई, पाला सावलीत वाळवायचा. उन्हात नको. आमच्या अम्मी असंच करायच्या."

वाळलेला पाला आणि गवती चहाचे तुकडे खोबरेल तेलात घालून अगदी मंद आचेवर ठेवायचे. तेल हिरवट झालं की उतरवून फडक्यातून गाळायचं, आणि कोमट असताना चिमूटभर कापूर चुरून टाकायचा. पहिल्यांदा मी आच जास्त ठेवली. बाहेरून आवाज आला, "अगं, जळाय लागलंय. बारीक कर."

त्यांना वास बरोबर कळायचा. पुढच्या खेपेपासून मी शेगडी त्यांच्या खाटेजवळच आणली. हे डोळे मिटून पडायचे आणि सांगायचे, "अजून कच्चं हाय... थांब... आता उतर." लेथवर केसभर फरक चालत नसे, तसंच इथंही. पातेलं उतरवलं की विचारायचे, "जमलं का?" दोन वर्षांत त्यांनी दुसऱ्या कशाबद्दल असं उत्सुकतेनं विचारलं नव्हतं.

तेल दर दोन तासांनी परत लावावं लागे, रात्रीसुद्धा. कान, मान, मनगटं, पावलं. डोळ्यांजवळ नाही. सगळे डास काही जात नसत, पण बरेच कमी व्हायचे. लावताना मी बोलत राही. पुढे त्यांचं बोलणं फार थोडं उरलं, तेव्हा मीच दोघांच्या वाटचं बोलायचे.

तिसऱ्या वर्षी पेठ वडगावला माझ्या भाचीचं लग्न होतं. जायचं मनात नव्हतं. ह्यांनीच डोळ्यांनी दाराकडे खूण केली, जा म्हणून. धाकट्या नणंदेला बोलावलं, बाटली हातात दिली, कसं लावायचं ते दाखवलं. जेवणं उरकेपर्यंत थांबले आणि निघाले, तरी घरी यायला अंधार पडला.

नणंद दाराशी फोनवर बोलत बसली होती. आत ह्यांचा चेहरा ओळखू येत नव्हता. पापण्या, ओठ, कानाच्या पाळ्या सुजल्या होत्या. डोळ्यांच्या कडांतून पाणी उशीवर गेलं होतं.

"वन्सं, तेल नाही लावलं?"

"दुपारी लावलं की, वहिनी. दादा काय बोललाच न्हाय, मला वाटलं झोपलाय." ती खिडकी लावायलाही विसरली होती.

मी तिला खूप बोलले. तोंडाला येईल ते बोलले. ती रडत रिक्षा करून निघून गेली. मग मी पाणी घेऊन त्यांचं तोंड पुसायला बसले. त्यांचे ओठ हलले. मी कान जवळ नेला.

"तिला... फोन कर. बारकी हाय ती."

बारकी म्हणजे पंचेचाळीस वर्षांची. मी फोन केला, माफीही मागितली. खरं सांगायचं तर मला राग तिचा नव्हता. लग्नात मी हसले होते, आग्रहाखातर दोन जिलब्या जास्त खाल्ल्या होत्या, आणि तेवढा वेळ मला घराची आठवण नव्हती. त्याचा राग होता. त्यानंतर मी कुठं गेले नाही. दरवर्षीचं जोतिबाला जाणंसुद्धा सोडलं.

पुढच्या थंडीत ह्यांच्या छातीत कफ साठला. दवाखान्यात नेलं, तिथंच पाचव्या दिवशी सकाळी ते गेले. तिथं डास नव्हते. माझी बाटली पिशवीतच राहिली.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी पलीकडच्या गल्लीतली एक बाई भाभींना घेऊन आली. तिच्या आईला अर्धांगाचा झटका आला होता. मी तिला बसवलं, कृती सगळी सांगितली, आणि उरलेली बाटली दिली.

"आधी हातावर थोडं लावून बघ, पुरळ येतंय का ते. आणि विचारत जा त्यांना, कुठं चावतंय का. सांगायला जमत नसलं तरी विचार."

तिनं बाटली पदराखाली धरली. "काकू, तुम्ही एकट्याच असता?"

"व्हय," म्हटलं.

ती गेल्यावर भाभी थांबल्या. त्यांनी चहा ठेवला. मी त्यांना म्हटलं, मला फार झोप येतेय. त्यांनी कॉटवरची चादर झटकली. दुपारचे तीन वाजले होते. मी आडवी झाले आणि संध्याकाळपर्यंत एकदाही जाग आली नाही.