टिकणारी भाकरी

कुणीही गावाला निघालं की सुभद्राआत्या आधी विचारायची, "पाण्याचं काय केलंस?" कुठं निघालास, कशाला, कधी येणार, हे सगळं नंतर. शिरूर अनंतपाळात टँकरमागं घागर घेऊन धावण्यात तिची निम्मी हयात गेली होती. पाणी न घेता घराबाहेर पडणं तिच्या लेखी शुद्ध अडाणीपणा होता. मला आसामात, ब्रह्मपुत्रेच्या काठच्या गावी बँकेत नोकरी लागली, तेव्हाही बॅगेशेजारी पाच लिटरचा कॅन भरून उभा राहिला.

"आत्या, तिथं नदीचा पल्याडचा काठ दिसत न्हाई म्हणे," मी म्हणालो.

"न्हाई दिसंना का. वाटंत कोण देणार हाय तुला?"

ही माझ्या वडिलांची थोरली बहीण. लग्नानंतर चार वर्षांत नवरा गेला आणि ती माहेरी आली. माझी आई वारली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. तेव्हापासून मला तिनंच वाढवलं. जीव लावायची, पण गोड बोलणं तिला कधी जमलं नाही. कुणी कौतुक करायला लागलं तर "बरं बरं, च्या घे" म्हणून वाटेला लावायची.

बॅग भरताना तिनं माझं काही ऐकलं नाही. तिला ठाऊक असलेला उन्हाळा एकच, आमच्याकडचा: घाम दिसायच्या आत वाळवून टाकणारा. मी सांगत होतो, तिकडची हवा दमट आहे, कपडेसुद्धा वाळत नाहीत. ती म्हणाली, "ऊन ते ऊन. हितलं काय अन् तितलं काय." जाड खादीचे सदरे, डोक्याला गुंडाळायला पंचा, खिशात ठेवायला कांदा. आणि चाळीस कडक भाकरी. ज्वारीच्या भाकरी पापडासारख्या पातळ थापून ती चुलीच्या कडेला उभ्या करायची, मग उन्हात खडखडीत वाळवायची. आमच्या हवेत त्या महिना-दोन महिने सहज टिकतात. धुतलेल्या धोतरात गाठोडं बांधताना म्हणाली, "मी न्हाई तिथं, तर ह्या हायेत. रोज एक खायाची."

पोचल्यावर गाठोडं सोडलं तर भाकरी फडक्यासारख्या मऊ. आठवड्यात हिरवी बुरशी धरली. सगळ्या नदीत सोडून आलो. संध्याकाळी तिचा फोन आला, "भाकरी कशा हायेत?"

"खडखडीत हायेत. रोज खातो."

म्हातारीचं मन राखलं, असं वाटून मी स्वतःवरच खूश झालो.

मग दर महिन्याला पार्सल येऊ लागलं. दोन वर्षं मी ते नदीला वाहत राहिलो आणि फोनवर चवीचं वर्णन करत राहिलो. "औंदाची ज्वारी गोड हाय न्हवं?" "लई गोड."

तिसऱ्या वर्षी गावातल्या एका फौजी पोराच्या सोबतीनं ती स्वतःच आली. दारात उभी राहून पदरानं गळा पुसत म्हणाली, "दत्ता, हवेतच पाणी हाय की रं." दुसऱ्या दिवशी बँकेतून परतलो तर ती फरशीवर बसलेली. पुढ्यात त्या महिन्याचं पार्सल उघडं होतं. मी टाकायचं विसरलो होतो. एकेक भाकर उचलून बोटानं बुरशी पुसून बघत होती. रागावली असती तर बरं झालं असतं.

"उजवा खांदा उचलत न्हाई, साल झालं," ती म्हणाली. "डाव्या हातानं रेटून थापत हुते. तू खातूस म्हणून."

"मग सांगितलं का न्हाईस?"

"तू सांगितलंस व्हय?"

पुढं महिनाभर ती राहिली, पण भाकरीचं नाव तिनं पुन्हा काढलं नाही. ती गावी परतल्यावर पार्सल बंद झालं. मला वाटलं होतं, सुटलो. तसं झालं नाही. महिन्याच्या सुरुवातीला पोस्टमन दारावरून पुढं गेला की जेवण गोड लागायचं नाही. फोन मात्र येत होता. तब्येत विचारली की म्हणायची, "मला काय धाड भरलीय?" माझ्या सोयीचं होतं, म्हणून मी विश्वास ठेवला.

एका दुपारी शेजारच्या मंगलवहिनींचा फोन आला. आत्या गेली होती. पोटात गाठ होती. आठ महिने लातूरच्या दवाखान्यात खेपा चालल्या होत्या. मी घरी पोचलो तेव्हा राख सावडून झाली होती. दुःखाआधी मला संताप आला. मी वहिनींवर ओरडलो, "एक फोन करता आला न्हाई का?"

"मी फोन लावायला घेतला की हात धरायच्या," वहिनी म्हणाल्या. "म्हणायच्या, 'नगं. त्येनं बी दोन वर्सं माझं मन राखलं. आता माझी पाळी हाय.'"

वहिनींनी हे माझी समजूत घालायला सांगितलं होतं.